जिताड्याची पिल्लं रोज कमी होतात, पण मेलेलं एक दिसत नाही

जून उजाडला की जिताडा हा खाडीतला शिकारी मासा पाळणाऱ्यांचं तेच वाक्य माझ्या फोनवर फिरून येतं. घणसोलीहून येतं, दिवाळ्याहून येतं, परवा कोलशेतहून आलं. "दादा, पिलं रोजची कमी होतान, पन मेलेलं एक नाय दिसत." मी विचारतो, शेवटची निवड कधी केली? पलीकडे क्षणभर शांत. मग, "कसली निवड?"

निवड म्हणजे पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करणं. निम्मं उत्तर तिथेच मिळालेलं असतं. पण "पिल्लं एकमेकांना खातायत" असं फोनवर सांगितलं तर कुणाला पटत नाही. लगेच पटूही नये, कारण पिल्लं गायब व्हायला आणखीही कारणं असतात आणि ती आधी बाजूला काढावी लागतात. मी स्वतः ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवेन.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, जिताडा वाढवणं आपल्याकडे नवं नाही. आजोबांच्या वेळी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीच्या पाण्याबरोबर पिल्लं आत यायची, बांधाच्या आतल्या खड्ड्यात राहायची, कोळंबी आणि बोईटं (खाडीतले लहान मासे) खाऊन मोठी व्हायची. किती आली आणि किती उरली याचा हिशोब कोणी ठेवत नव्हतं. दहा आली, एकच उरलं आणि ते दोन किलोचं निघालं, तरी घर खूश. आता पिल्लू विकत येतं, बहुतेक वेळा दक्षिणेतून, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त ठेवलेल्या जिताड्यापासून बीज (म्हणजे पिल्लं) तयार केलं, त्यानंतर हे शक्य झालं. एक-दीड सेंटिमीटरचं पिल्लू आणायचं, टाकीत किंवा हाप्यात (पाण्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) पाच-सहा आठवडे सांभाळून आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली करायची आणि मग तळ्यात सोडायची. नुकसान होतं ते याच पाच-सहा आठवड्यांत. तळ्यात गेल्यावरचा जिताडा तसा काटक असतो.

लक्षणं

खालच्यातली दोन-तीन एकदम दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

– आकडा रोज थोडाथोडा उतरतो. एका रात्रीत सगळं साफ, असं होत नाही.
– तळाशी किंवा पाण्यावर मेलेली पिल्लं नाहीत, किंवा अगदी नावाला आहेत.
– काही पिल्लं इतरांच्या दीडपट-दुप्पट दिसतात आणि एकेकटी फिरतात.
– लहान पिल्लं कडेला, पाइपाच्या मागे, एअर स्टोनच्या बुडबुड्यांजवळ चिकटून राहतात.
– काहींच्या शेपट्या कुरतडलेल्या. काहींचं डोकं मोठं आणि अंग सुईसारखं.

उलट, पिल्लं ढिगाने मरून पडत असतील, गोल गोल भोवऱ्यासारखी फिरत असतील, पोट वर करून तरंगत असतील, तर मधलं काही वाचत बसू नका. थेट शेवटच्या भागात जा.

मेलेलं खरंच नाही का?

या तपासणीला पैसा लागत नाही. आपल्याकडे पाणी २८-३० अंशांवर असतं, त्यात दीड सेंटिमीटरचं मेलेलं पिल्लू दिवसभर शाबूत राहत नाही. ते आधी तळाला जातं, मग बाकीची टोचतात, संध्याकाळी बघाल तर एक पांढुरका धागा उरलेला असतो. त्यामुळे दुपारी वरून टाकीत डोकावून "मेलेलं नाही" म्हणण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्या उठल्या, खाणं टाकायच्या आधी, पारदर्शक नळीने तळाचा गाळ ओढा आणि पांढऱ्या घमेल्यात सोडा. पांढऱ्यावर सगळं दिसतं. सलग तीन दिवस हे करा आणि जे सापडेल ते वहीत लिहा. रोज वीस-पंचवीस कलेवरं निघाली तर तुमची पिल्लं गायब होत नाहीयेत, मरतायत, आणि मग पाणी आणि रोग याच दिशेने जायचं. शून्य ते तीन निघाली आणि आकडा मात्र पन्नासाने उतरतोय, तर पुढे वाचा.

याच्याच जोडीला दुसरा प्रश्न, तो लोकांना आवडत नाही: तेवढी पिल्लं आली तरी होती का? एका ओळखीच्याने २००० पिल्लांचे पैसे मोजले, पिशव्या विमानतळावरून आणल्या आणि थेट टाकीत ओतल्या. दहा दिवसांनी मोजली तर १५०० भरली. पाचशे कुठे गेली? त्यातली किती पिशवीतच कमी होती हे आता देवालाही सांगता येणार नाही. मी एक पिशवी पूर्ण मोजतो. छोट्या कपाने, पाण्यासकट, प्रत्येक कपात किती आली ते लिहीत. मागच्या खेपेला २५०च्या पिशवीत २१८ निघाली. बाकी पिशव्यांना तोच हिशोब लावला आणि विक्रेत्याला त्याच दिवशी फोटो पाठवला. दहा दिवसांनी पाठवलेल्या फोटोला कोणी विचारत नाही.

संध्याकाळी टाकीपाशी बसा

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. दिवेलागणीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं टाकीशेजारी गप्प बसायचं. मोबाइल घरात ठेवून.

जिताड्याचं पिल्लू मोठ्या माशासारखं चंदेरी नसतं. ते काळपट तपकिरी असतं, अंगावर ढगाळ पट्टे आणि डोक्यावरून पाठीकडे जाणारी एक पांढरी रेघ. वरून बघताना ती रेघ शोधायची म्हणजे पिल्लू सापडतं. बाकीची घोळक्याने एका दिशेला तोंड करून असतात. घोळक्याच्या बाहेर, थोडं खाली, एखादं जाडसर पिल्लू अजिबात न हलता उभं दिसेल, शेपटी किंचित वाकवलेली. त्याच्यावर नजर ठेवा. हळू सरकतं, थांबतं, परत सरकतं, आणि मग एवढंच दिसतं की पाणी हललं. समोरचं पिल्लू नाहीसं झालेलं असतं.

आम्ही त्यांना पैलवान म्हणतो. कधीकधी पैलवानाचा अंदाज चुकतो आणि घास घशात अडकतो. मग घमेल्यात अशी जोडी सापडते: एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर, दोन्ही मेलेले. असं एक जरी सापडलं तरी निदान झालं, बाकी तपासण्या फक्त खात्रीसाठी.

यामागचं गणित समजलं की निवडीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीचं भावंड गिळू शकतं. टाकीत सगळी दोन ते अडीच सेंटिमीटरची असतील तर कोणी कोणाच्या तोंडात मावत नाही. पण एक साडेचारचं झालं की तीन सेंटिमीटरपर्यंतचं प्रत्येक पिल्लू त्याच्यासाठी खाद्य आहे. हजारात असे वीस पैलवान धरा आणि प्रत्येकाने दिवसाला दोन खाल्ली. दहा दिवसांत चारशे गेली, आणि कलेवर एकही नाही, कारण ती सगळी पैलवानांच्या अंगात आहेत. वर तो अजून मोठा झाला, म्हणजे उद्या त्याच्या तोंडात आणखी मोठं पिल्लू मावणार. म्हणून हे आपोआप थांबत नाही, वाढतच जातं. पिल्लं दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली की जोर ओसरू लागतो.

हा जिताड्याचाच दुर्गुण आहे असं नाही. मरळ पाळणारे हेच सांगतील. कॅव्हियारसाठी (खारवलेल्या अंड्यांसाठी) पाळतात त्या स्टर्जन माशाची पिल्लंसुद्धा बलकाची पिशवी संपून पहिला घास घ्यायच्या दिवसांत उपाशी राहिली तर एकमेकांचे पर कुरतडतात.

भोकं, पक्षी, खेकडे

हापा असेल तर बाहेर काढून उन्हाकडे धरून बघा. खेकडा जाळीला गोल, स्वच्छ भोक पाडतो, जणू कात्रीने कापलंय. शिवणीचे कोपरे आणि दोरी बांधलेली ठिकाणं आधी तपासा, कारण ताण तिथेच येतो. जाळीचं तोंड पाण्याच्या वर दीड-दोन फूट हवं आणि वरून झाकण हवं. खंड्या आणि बगळा दोघेही एकदा जागा हेरली की रोज त्याच वेळेला हजर होतात. एका गावात तर आमचा खंड्या सकाळी साडेसहाला यायचा, पाण्याचा टँकर उशिरा यायचा पण हा नाही.

टाकी असेल तर पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाची जाळी बघा. मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधलेला असतो, तो सरकतो, आणि मग पिल्लं गटारात. गटाराच्या तोंडाशी एक दिवस जाळी लावून ठेवली की उत्तर मिळतं.

पक्षी आणि भोक यांची खूण अशी की सगळ्याच आकारांची पिल्लं कमी होतात. पैलवान असतील तर लहान आकाराचीच आधी संपतात. मोजताना आकार का लिहायचा, तो एवढ्यासाठी.

खाणं

इथे मला जरा जास्त लिहायचंय, कारण पैलवान जन्माला येत नाहीत, बहुतेक वेळा आपणच तयार करतो.

जिताडा तळाचं उचलून खात नाही. पाण्यातून खाली जाणारा घास तो टिपतो. दाणा तळाला टेकला की त्याच्या लेखी तो दगड. तुम्ही सकाळी एक मूठ आणि संध्याकाळी एक मूठ टाकून कामाला गेलात तर पुढे असलेल्या, धीट पिल्लांनी पहिल्या दोन मिनिटांत पोट भरलं, उरलेलं तळाला जाऊन कुजलं, आणि मागची उपाशी राहिली. आठवड्यात पुढची मोठी झाली, मागची तशीच. मग मोठ्यांना रात्री भूक लागते तेव्हा समोर कोण असतं ते सांगायला नको.

म्हणून चिमूट चिमूट टाकायचं, टाकीच्या तीन-चार ठिकाणी, आणि पिल्लं तोंड फिरवेपर्यंत. सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा, पहिली वेळ उजाडताना आणि शेवटची अंधार पडायच्या बेतात, कारण या दोन वेळांना त्यांची शिकार जोरात असते. या वेळी पोट भरलेलं असेल तर भावंडाकडे लक्ष कमी जातं. खाद्यात प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवीत. रोहू-कटल्याचं स्वस्त खाद्य आणून "खात नाहीत" म्हणणारे दरवर्षी भेटतात. तो शाकाहारी थाळी खाणारा मासा नाही.

दाण्याचा आकार. सगळ्यात लहान पिल्लाच्या तोंडात सहज जाईल असा दाणा हवा, मोठ्यांच्या सोयीचा नव्हे. आकार बदलताना चार-पाच दिवस जुना आणि नवा मिसळून द्या.

खाडीतून पकडलेलं बीज असेल तर आणखी एक अडचण येते. त्याने दाणा कधी पाहिलेलाच नसतो. काही पिल्लं दोन दिवसांत शिकतात, काही शिकतच नाहीत. न शिकलेली ती डोकं मोठं आणि अंग सुई अशी होतात. त्यांच्यासाठी ताजा जवळा बारीक वाटून, गाळून त्याच्या गोळ्या द्यायच्या आणि रोज थोडं थोडं कोरडं खाद्य त्यात मिसळत जायचं. दहा-बारा दिवस लागतात. माझी आत्या हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते. ती गोळी पाण्यात सोडत नाही, दोन बोटांत धरून पाण्याखाली हलवत राहते. "हलला नाय तं खायाचा कसा?" तिचं म्हणणं बरोबर आहे. न हलणाऱ्या गोष्टीकडे जिताडा बघत नाही.

खाण्याच्या वेळा बदलून चार दिवस बघा. गळती निम्म्यावर आली तर पुढची निवड सोपी जाते. पूर्ण थांबणार नाही, कारण मोठी झालेली आता लहान होणार नाहीत.

पाणी

निवड करायच्या आधी पाणी तपासायचंच. दमलेल्या पिल्लांची निवड केलीत तर दुसऱ्या दिवशी निवडलेलीच मरतात आणि दोष निवडीवर येतो. मी ही चूक केलेली आहे, टिनाच्या शेडमध्ये, मे महिन्यात, पाणी ३५ अंशांवर असताना.

थर्मामीटर पहाटे आणि दुपारी तीनला लावा. २६ ते ३२ च्या मध्ये असेल तर ठीक. वर जात असेल तर हिरवी जाळी आणि जास्त हवा. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे उघड्यावरच्या लहान टाकीतलं पाणी रात्री बरंच उतरतं, मग पिल्लं खात नाहीत आणि नेहमीचं खाद्य तळाला पडून राहतं.

नळाचं पाणी वापरत असाल तर त्यात क्लोरीन असतं. मोठ्या ड्रममध्ये २४ तास हवा सोडून मगच टाकीत घ्या, किंवा मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेट वापरा. आपल्या वासावर विसंबू नका. वास येत नसला तरी कल्ल्यांना पुरेल इतकं क्लोरीन असू शकतं.

मग अमोनियाचं किट आणि सोबत पीएचचं. दोन्ही एकत्रच बघायची, एकट्याने काही कळत नाही. किट जो आकडा दाखवतं तो एकूण अमोनिया असतो, त्यातला विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. २८ अंशांला पीएच ७ असेल तर एकूणाचा एक टक्कासुद्धा विषारी नसतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या जवळ जातो आणि ९ ला चाळीस टक्क्यांच्या वर. म्हणजे तोच किटचा रंग एका टाकीत चालतो आणि शेजारच्या टाकीत मारतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या टाकीत दुपारी पीएच चढतो, म्हणून मोजणी दुपारी करा. आकडा वाढलेला असेल तर खाद्य एक दिवस बंद, तळ साफ, आणि पाव भाग पाणी बदला. एकदम अर्धं नको.

खारेपणा. जिताडा गोड्या पाण्यात जगतो, समुद्रातही जगतो, पण एका उडीत एकातून दुसऱ्यात नाही. पिशवीतलं पाणी किती पीपीटी (हजार भागांत किती भाग मीठ) आहे ते विक्रेत्याला विचारा आणि टाकी त्याच्या जवळ ठेवा. नंतर दिवसाला पाच पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नका. खाडीच्या पाण्यावर हापे असतील तर जोराच्या पावसानंतर वरचा फूटभर थर जवळजवळ गोडा होतो, हे लक्षात ठेवून हापा थोडा खोल करा.

आणि खाजणात बांध नवीन घातला असेल तर पहिल्या पावसाच्या वेळी पीएच रोज बघा. कांदळवनाच्या जुन्या मातीत गंधकाची संयुगं असतात. ती उघडी पडून वाळली की आम्ल तयार होतं, आणि पावसाने बांधावरून ओघळून तळ्यात येतं. बांधावर आणि उतारावर आधीच चुना मारलेला बरा.

निवड

आता मुख्य काम. अर्धा दिवस जातो, खर्च जवळजवळ नाही.

आदल्या रात्रीनंतर खाणं देऊ नका. भरल्या पोटाचं पिल्लू हाताळलं की ओकतं आणि दमतं. पहाटे, पाणी थंड असताना सुरू करा. बाजूला दोन टाक्या किंवा हापे तयार ठेवा, त्याच पाण्याचे, हवा चालू असलेले. पाणी बदललेलं असेल तर तापमान जुळवून घ्या.

निवडीची पेटी घरी करता येते. प्लास्टिकची उभी, बारीक फटी असलेली टोपली घ्या. भोकं गोल असण्यापेक्षा उभ्या फटी बऱ्या, कारण पिल्लू लांबीने नाही तर जाडीने अडतं. टोपली पाण्यात अर्धी बुडवायची, मगाने पाण्यासकट पिल्लं आत सोडायची, आणि थांबायचं. लहान पिल्लं स्वतःहून फटीतून बाहेर जातात. लोक इथे घाई करतात, टोपली हलवतात, उचलून झटकतात. करू नका. टोपली पाण्याबाहेर आली की आतली पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडतात. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पाठीच्या परावर काटे असतात, ते एकमेकांत आणि जाळीत अडकतात. याच कारणाने गाठी असलेलं हातजाळं वापरू नये. मऊ, बिनगाठीचं कापड हवं आणि हात ओला.

तीन गट होतील: मोठी, मधली, लहान. पैलवान मोठ्यांत टाकले की त्यांना त्यांच्या तोंडात मावणारं काही मिळत नाही. मोठ्या गटातही दोन-चार फारच मोठे असतील तर त्यांना वेगळं करा, नाहीतर तिथेही तोच खेळ सुरू. सगळं झाल्यावर तासाभराने थोडं खाणं द्या.

पहिल्या महिन्यात हे दर तीन-चार दिवसांनी करायचं, नंतर आठवड्याला एकदा. ऐकून घाम फुटतो, माहीत आहे. दिवाळ्यातल्या एका काकांनी सरळ सांगितलं, "एवढं करायचं तर मासेच नको." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिली निवड केली, मोठ्या गटातून ४१ पैलवान निघाले, आणि त्यानंतरच्या पाच दिवसांत एकूण गळती सहा. आता त्यांची सून ते करते, काका फक्त टोपली धरतात.

टाकी फार गच्च असेल तर निवड करूनही फायदा कमी. माझ्याकडे साध्या एअर स्टोनवर चालणाऱ्या टाकीत हजार लिटरला पाचशेच्या वर पिल्लं मी ठेवत नाही. ब्लोअर चांगला असेल, पाणी रोज बदलता येत असेल तर जास्तही राहतात, पण लाईट गेली की पळापळ होते. बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी ठेवाच.

निवड करूनही, खाणं सुधारूनही आठ दिवसांत गळती थांबली नाही तर बीज मिश्र वयाचं आलेलं असतं. एकाच पिशवीत दोन खेपांची पिल्लं. मला एका हॅचरीने असं दिलं होतं आणि मान्य करायला तीन आठवडे घेतले. पुढच्या वेळी पिशवी उघडताना वीस पिल्लं पट्टीवर ठेवून लांबी लिहा, मोठ्यात मोठं आणि लहानात लहान यांत निम्म्याचा फरक असेल तर तिथेच बोला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिल्लं काळी पडून किंवा फिकी होऊन गोल गोल फिरतायत, पोट फुगून तरंगतायत, खाणं बंद, आणि दोन दिवसांत शेकड्याने मरतायत. हे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूचं लक्षण असू शकतं. त्याला औषध नाही. निवड करू नका, पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवू नका, ते पाणी खाडीत किंवा तळ्यात सोडू नका, त्या टाकीचं जाळं किंवा पाणी काढायचा मग दुसऱ्या टाकीत घालू नका. जिवंत पण आजारी दिसणारी पाच-सहा पिल्लं त्याच पाण्यात ऑक्सिजन भरून तपासणीला न्या. मेलेली, फ्रीजमध्ये ठेवलेली पिल्लं फारशी उपयोगी पडत नाहीत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्याला जवळ आहे, आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी फोन केलात तर नमुना कसा आणायचा ते सांगतात.

अंगावर लाल चट्टे, जखमा, परांच्या कडा झडलेल्या, किंवा पिल्लं टाकीच्या भिंतीला अंग घासतायत: जिवाणू किंवा परजीवी, सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येत नाही. इथे दुकानदाराने दिलेली पुडी टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधं मत्स्यपालनात बंद आहेत, तरी कोणी ना कोणी "जालीम आहे" म्हणून देऊ करतं.

खाडीचं पाणी घेता आणि एका भरतीनंतर जिताडा, बोईट, खेकडा, कोळंबी सगळंच एकदम तडफडतंय, पाण्याला रसायनाचा वास किंवा रंग आहे. पंप तिथल्या तिथे बंद. बाटलीत नमुना घ्या, वेळ लिहा, फोटो काढा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. यात तुमच्या टाकीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आणि शेवटचं, माशांचं नाही पण सगळ्यात आधी वाचायला हवं होतं असं. टाकीत हात घातल्यावर बोटांना मुंग्या येत असतील, तर तो ब्लोअर किंवा पंप पाण्यात वीज सोडतोय. हात बाहेर काढा, मेन स्विच बंद करा, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग तपासून गळती-संरक्षक स्विच बसवेपर्यंत टाकीला हात लावू नका. तोवर हवा बॅटरीच्या पंपावर. तीही नसेल तर पिल्लं गेली तरी चालतील.